पब्लिकचा विमा

"पब्लिकमधल्या कोणाला आजवर काही लागलंय का, काका?" हसमुखभाईंनी विचारलं, आणि धुडकूच्या उजव्या तळव्यात काहीतरी टोचल्यासारखं झालं. त्यानं टेबलाखाली चप्पल काढली आणि एका पायानं दुसरा पाय चाचपून पाहिला. काही नव्हतं. वर पंखा फिरत होता, कागदांवरची काचेची वजनं जागच्या जागी होती आणि हसमुखभाई पेन उघडून उत्तराची वाट पाहत होते. माणूस चांगला होता. आल्याआल्या "बेसो काका" म्हणून त्यांनी खुर्ची दिली होती, चहा सांगितला होता. छातीवर ट्यूबलाइट फोडणाऱ्या माणसाचा विमा कसा उतरवायचा हे आपल्यालाही धड ठाऊक नाही, असं हसत कबूल केलं होतं. मिलचा, गोदामाचा, गरब्याच्या मांडवाचा विमा त्यांनी उतरवला होता. खेळवाला त्यांच्याकडे पहिल्यांदाच आला होता.

"नाही," धुडकू सवयीनं म्हणाला. इतकी वर्षं तो हेच तर म्हणत आला होता. सुरतेच्या पांडेसऱ्यात, सचिन गावात, उधन्यात, जिथं म्हणून चार बल्ब लावून मैदान उजळता येत होतं तिथं उघड्या अंगानं उभं राहून तो माइकवर सांगायचा, "लगेगा तो मेरे को लगेगा, आप लोग आराम से बैठो." लोक आरामात बसायचे. पॉवरलूमवर उभं राहून पाय सुजलेली माणसं, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. मग धुडकू मिलमधून गोळा करून आणलेल्या जळक्या ट्यूब एकेक करून छातीवर, दंडावर, कपाळावर फोडायचा. पांढरी भुकटी उडायची, आवाज व्हायचा, एखादं पोर रडायचं, आणि त्याच्या अंगावर रक्ताचे दोन-चार ठिपके दिसले की टाळ्या पडायच्या. लागायचं ते त्याला, हे तर सगळ्यांना दिसत होतं. म्हणून दसऱ्याच्या मशीनपूजेला खेळ ठेवू म्हणणाऱ्या मिलच्या मॅनेजरनं जेव्हा "पहले बीमा लाओ" म्हटलं, तेव्हा धुडकूला वाटलं, आपल्या जिवाची काळजी करतोय बिचारा. मॅनेजर म्हणाला, "तुम्हारा नहीं, पब्लिक का. तुमको तो लगना ही है." कुठल्याशा मेळ्यात पाळणा मोडून माणसं जखमी झाली होती, तेव्हापासून मालकानं धास्ती घेतली होती. पब्लिकचा विमा. धुडकू रस्ताभर त्या शब्दांचा विचार करत आला होता. पब्लिकला काय होणार?

"नाही," तो म्हणाला, आणि हसमुखभाईंचं पेन कागदाला टेकण्याआधीच म्हणाला, "एक पोर. मुलगी. पायात काच गेली तिच्या."

हसमुखभाईंनी पेन उचललं. "खेळ चालू होता तेव्हा?"

"नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी. त्याच मैदानावर खेळत होती."

"एम बोलो ने," हसमुखभाईंचा जीव भांड्यात पडला. "मग ते आपल्यात येत नाही. ही पॉलिसी खेळ सुरू झाल्यापासून खेळ संपेपर्यंत. तेवढ्यात कोणाला लागलं तर कंपनी बघेल." आणि त्यांनी वळणदार अक्षरात 'ना' लिहिलं.

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी पब्लिक क्यां छे, काका? पब्लिक घेर गई. खेल खलास."

धुडकूनं मान हलवली, सांगितलं तिथं सही केली, चहा प्यायला. बाहेर आला तेव्हा रिंग रोडवर ऊन होतं आणि साड्यांचे गठ्ठे लादलेल्या हातगाड्या अडकून पडल्या होत्या. तो पांडेसऱ्याकडे जाणाऱ्या रिक्षात दाटीवाटीनं बसला, आणि रिक्षा उधन्याच्या फाटकाशी थांबली तेव्हा सुंदराचा आवाज त्याला इतक्या जवळून ऐकू आला की शेजारचा माणूस बोलला की काय म्हणून त्यानं वळून पाहिलं. "लोके उठनात म्हणजे खेय सरना का?" लोक उठले म्हणजे खेळ संपला का. हे तिनं केव्हा म्हटलं होतं? बहुतेक त्या पहिल्याच वर्षी. लग्न होऊन ती पिंपळनेरकडून सुरतेला आली तेव्हा तो सात दिवस सायकलवरून न उतरण्याचा खेळ करायचा. सायकलवरच जेवायचा, सायकलवरच अंघोळ करायचा, आणि संध्याकाळी गर्दी जमली की सायकल चालवता चालवता ट्यूब फोडायचा. लोक त्याच्या छातीकडे बघायचे. सुंदरा नवी नवरी, डोक्यावरचा पदर दातात धरून एका कोपऱ्यात उभी, ती बघत होती पोरांच्या पायांकडे. सातव्या दिवशी सायकलवरून उतरून खोलीवर आल्यावर तो वाट बघत होता, की आता ही विचारील, दुखलं का, किती लागलं. तिनं विचारलं, "ती पोरं सगळी उघड्या पायाची होती ना हो?"

दुसऱ्या खेळापासून मैदानावर फक्कीची रेघ आली. रेघ ती स्वतः मारायची, वाकून, डब्याला भोक पाडून, सरळ. रेघेच्या आत पाणी मारलेली पोती अंथरायची. पोरांना रेघेमागं बसवायची आणि खेळ चालू असताना रेघेवरून येरझाऱ्या घालायची. एखादं पोर सरकलं की, "मांगे व्हय रे भाऊ, तुनी मायले काय सांगू मी?" एवढंच म्हणायची. खेळ संपला की पोती गुंडाळून बाजूला ठेवायची, आणि धुडकू अंगाला तेल लावून जो आडवा व्हायचा तो सकाळीच उठायचा. त्याचं अंग ठणकत असायचं. सकाळी उजाडता उजाडता ती पिठाचा गोळा मळून मैदानावर जायची. हे त्यानं एकदाच पाहिलं होतं, लघवीला उठला होता तेव्हा. कोवळं ऊन आडवं पडलं होतं आणि ती उन्हाकडं तोंड करून बसल्या बसल्या सरकत होती, जमिनीवर गोळा दाबत, उचलत, दाबत. ऊन आडवं असलं की काच चमकते, अंधारात कितीही झाडा, बारीक काच मातीत राहतेच, असं ती म्हणाली होती. तिची आई घरात बांगडी फुटली की असाच गोळा सारवलेल्या जमिनीवर फिरवायची. गव्हाची कणीक चालत नाही, कळण्याचं पीठ लागतं, ज्वारीत उडीद असतो ना, तो चिकट, तो काच सोडत नाही. धुडकू म्हणाला होता, "तेवढ्या पिठात चार भाकरी होतील." त्यानंतर त्यानं बघितलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

त्याला ठाऊक होता तो वास. खेळाच्या दुसऱ्या दिवशी त्याला जाग यायची ती भाकर करपल्याच्या वासानं. न चुकता. एरवी तिच्या हातची भाकर कधी करपली नाही, पापुद्रा फुगायचा, बोटानं दाबला की वाफ निघायची. पण खेळाच्या दुसऱ्या दिवशी खोलीत निळा धूर, आणि तो अंथरुणातूनच ओरडायचा, "करपी ऱ्हायनी दख वं." ती चुलीकडे तोंड करून म्हणायची, "आजून कच्ची शे." तो हसायचा. रात्रभर खेळ मी करतो आणि झोप हिची होत नाही, म्हणायचा. मग हा विनोद त्यानं खेळातच घेतला. ट्यूबा फोडून झाल्या की माइकवर सांगायचा, माझी बायको रोज गरम भाकर देते, फक्त खेळाच्या दुसऱ्या दिवशी कोळसा देते, आणि वर म्हणते, अजून कच्ची आहे. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. रेघेवर उभी असलेली सुंदराही हसायची. त्याला मात्र ताटात कधी करपलेली भाकर मिळाली नव्हती, हे त्याच्या ध्यानात कधी आलं नाही. आजही रिक्षात आलं नाही. रिक्षा खाडीवरून जात होती. त्या दिवशी पाणी जांभळं होतं, कुठल्या तरी मिलनं जांभळ्या साड्या रंगवल्या असाव्यात, आणि तो नाक दाबून एवढंच आठवत होता, की तो वास कसा होता. आठवला नाही. खाडीच्या वासापुढं काय आठवणार?

ती चैत्रात गेली. प्लेगच्या साली अर्धं सुरत पळालं तेव्हा ती हलली नव्हती. म्हणाली होती, गावाकडे काय मरण येत नाही का? ती काविळीनं गेली. डोळे पिवळे झाले तेव्हा आरशात बघून म्हणाली, "दखा, परत हयद लागनी." लग्नानंतर पुन्हा हळद लागली म्हणून तो हसला होता. हसायला नको होतं असं नाही, तिनं हसवायलाच म्हटलं होतं. बायांनी तिला हिरवी साडी नेसवली, भाग्याची होती, अहेव गेली, असं म्हणाल्या. धुडकू तिरडीच्या दोऱ्या बघत होता. लेक वर्षा नंदुरबारहून आली, दिवस होईपर्यंत राहिली, आईच्या साड्या वाटून टाकल्या, आणि जाताना कळण्याच्या पिठाचा डबा उचलला. "बाबा, किडे पडतील यात. देऊन टाकते प्रमिलाकाकूंना."

"ऱ्हाऊ दे."

"तुम्ही काय करणार त्याचं? तुम्हाला भाकर थापता येते का?"

"ऱ्हाऊ दे म्हटलं ना."

तिनं डबा फळीवर ठेवला आणि बापाकडे न बघता झाकण घट्ट दाबलं. शेवटचं दळण सुंदरानं स्वतः चक्कीवरून आणलेलं होतं.

वैशाखात त्यानं खेळ केला. न करून काय करणार होता, घरात भिंतींकडे बघत बसणार? रेघ कोणी मारली नाही, पण ट्यूबा नेहमीसारख्या फुटल्या, टाळ्या नेहमीसारख्या पडल्या, फक्त भाकरीचा विनोद त्यानं गाळला. दुसऱ्या दिवशी तो उशिरापर्यंत झोपला, कारण जागं करणारा वास आलाच नाही. जाग आली ती कडी वाजल्यानं. दारात राघो उभा होता, मिलमध्ये गठ्ठे उचलणारा, कडेवर त्याची नूतन, तिच्या पायाला पांढरं फडकं. धुडकूनं मार खायची तयारी केली. राघो म्हणाला, "दादा, भांडायला नाही आलो. डॉक्टरनं एक तुकडा काढला. पण ही म्हणते अजून टोचतंय. म्हटलं काचेचं तुम्हाला कळतं. बघता का जरा, आत आहे का अजून?" धुडकूनं तो पाय हातात घेतला. एवढासा पाय, बोटांच्या मध्ये माती. त्याला काही कळलं नाही. काच आपल्या कातडीवर कशी फोडायची एवढंच त्याला येत होतं. ती दुसऱ्याच्या पायात आहे की नाही हे कसं ओळखायचं, ते जिला येत होतं ती नव्हती. नूतन त्याच्या तोंडाकडे बघत होती. "तुम्हाले लागत नही," ती म्हणाली, "मंग माले कसं लागनं?" राघोनं तिला गप्प केलं. दोन दिवसांनी पाय बरा झाला, ती पुन्हा धावायला लागली. धुडकूनं मात्र ट्यूबा खाटेखाली सारल्या आणि मिलमध्ये साड्यांच्या घड्या घालायला जाऊ लागला. काम सोपं होतं. हात चालायचे आणि डोकं मोकळं राहायचं, आणि मोकळं डोकंच वाईट. आपल्याला कोणी धुडकू ट्यूबवाला म्हणेनासं झालं तर आपण कोण, असं त्याला घड्या घालताना वाटायचं. मशीनपूजेचा खेळ म्हणूनच हवा होता. हा खेळ केला नाही तर पुढचा कधीच होणार नाही हे त्याला कळत होतं. आणि केला तर पुन्हा कोणाची तरी नूतन, हेही कळत होतं. मॅनेजरनं विमा मागितला तेव्हा म्हणून आत कुठंतरी बरं वाटलं होतं. कोणीतरी एक कागद देईल, आणि सुंदरा करायची ते सगळं त्या कागदात असेल. आता कागद मिळणार होता. त्यात दुसरा दिवस नव्हता.

दसऱ्याला खेळ झाला, मिलच्या मागच्या त्याच मैदानावर. मॅनेजरनं पॉलिसी न वाचता खणात टाकली. यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या, मैदानावर उदबत्तीचा वास येत होता. फक्कीची रेघ त्यानं स्वतः मारली. ती वाकडी आली, मिटवून पुन्हा मारली, तरी वाकडी. पोती ओली केली. हसमुखभाई आले होते, पत्नीला घेऊन, पुढच्या खुर्चीवर. पोरांत नूतन होती, पायात चपला घालून, रेघेला चिकटून. "मांगे व्हय, माय," धुडकू म्हणाला, आणि आपला आवाज त्याला परका वाटला. पहिली ट्यूब छातीवर फुटली तेव्हा तो नेहमीसारखा वर बघत नव्हता. तो खाली बघत होता, तुकडे कुठं जातात ते. आयुष्यात पहिल्यांदा बघत होता. आणि ते फार लांब जात होते. पोत्यांच्या पलीकडे, रेघेच्या पलीकडेसुद्धा एखादी बारीक चमक उडायची. प्रत्येक ट्यूबेला त्याचा हात अडखळायचा आणि लोकांना तो नवा थरार वाटत होता. कोणाला काही झालं नाही. शेवटी हसमुखभाई उठून आले, चेहरा खुललेला. "जुओ काका, विम्याची जरूरच पडली नाही. खेल खलास." धुडकूनं त्यांना नमस्कार केला.

सकाळी तो अंधारातच उठला. घरात होतं ते बाजरीचं पीठ मळून मैदानावर गेला. ऊन यायची वाट बघत बसला. ऊन आडवं आलं आणि मैदान पेटलं. त्यानं कधी इतकी काच पाहिली नव्हती, आणि ती सगळी त्याची होती. गोळा दाबला तर बाजरीचे तुकडे पडले, काच तिथंच राहिली, वर पीठ सांडलं. दोनदा केलं, तिसऱ्यांदा केलं. मग घरी गेला, फळीवरचा डबा काढला. झाकण उघडेना, वर्षानं घट्ट लावलं होतं. उघडलं तेव्हा कडवट वास आला, आत जाळी धरली होती, किडे होते. सहा महिने तो या डब्याला रोज नजरेनं हात लावत होता. क्षणभर त्याला वाटलं, थोडं मागं ठेवावं. मग हातात किडे वळवळले आणि त्यानं सगळं पीठ परातीत ओतलं. पाणी घातलं. मळता त्याला येत नव्हतं, पण उडीद त्याच्या बोटांना धरत होता, सोडत नव्हता.

मैदानावर तो उन्हाकडं तोंड करून बसला. दाबायचं, उचलायचं. गोळा काच घेत होता. पहिल्या पाळीची माणसं बाजूनं जात होती. कोणी म्हणालं, "काय धुडकूदादा, काय हरवलं?" कोणी म्हणालं, "रात्री फोडायचं, सकाळी वेचायचं, चांगला धंदा आहे." त्यानं मान वर केली नाही. गुडघे दुखायला लागले, कंबर भरून आली. छातीवर ट्यूब फोडण्यापेक्षा हे जड होतं, आणि याला टाळ्या नव्हत्या. ती हे करायची आणि मग घरी येऊन त्याच्यासाठी भाकरी थापायची. ऊन वर चढलं तेव्हा कडेला पोरं जमली होती. नूतननं विचारलं, "आते येऊ का खेयाले?"

"थांब," तो म्हणाला. त्यानं चपला काढल्या आणि मैदानभर चालला, पाय घासत, टाच दाबत, रेघेच्या आत आणि बाहेर. तळव्याला काही लागलं नाही. पुन्हा एकदा चालला. मग म्हणाला, "या." पोरं धावली, आणि तो बाजूला झाला.

आता त्याच्या हातात गोळा होता, काचेनं जड झालेला, आणि तो कुठं टाकावा हे त्याला कळेना. उकिरड्याकडे वळला तर एक पिवळं कुत्रं मागं लागलं. पिठाचा वास त्याला आला होता. धुडकूनं हाकललं, ते दोन पावलं मागं गेलं, पुन्हा आलं, शेपूट हलवत. भिंतीवर कावळे होते. उकिरड्याला दोन गाई तोंड घालून उभ्या होत्या. खाडीत टाकावा तर काठावर बकऱ्या. पुरावा तर कुत्रं उकरणार. तो गोळा पोटाशी धरून रस्त्यात उभा राहिला. हिनं काय केलं असेल? इतक्या खेळांनंतर, इतके गोळे, कुठं नेले? विचारायला कोणी नव्हतं, आणि कुत्रं त्याच्या पायाशी बसून वर बघत होतं, भूक लागलेल्या माणसासारखं, शांतपणे.

तो तसाच खोलीवर आला. कुत्रं दाराशी थांबलं. त्यानं स्टोव्ह ढकलून बाजूला केला, कोपऱ्यातली सुंदराची चूल पुढं ओढली, लाकडं रचली, रॉकेल टाकलं. हे तो का करतोय हे त्याला अजून नीट कळलं नव्हतं, हातांना कळलं होतं. गोळा चपटा केला आणि विस्तवावर ठेवला. आधी काही झालं नाही. मग कडा काळी पडली, पीठ फुगलं, तडकलं, आणि निळा धूर उठून आढ्याला लागला, आणि तो वास आला. तोच. खाडीवर आठवला नव्हता तो. तो भिंतीला टेकून बसला. अंथरूण समोरच होतं, जिथून तो ओरडायचा. तिथून चुलीकडं बघणाऱ्याला तिची फक्त पाठ दिसायची. काळा, दगडासारखा झाला की कुत्रं शिवणार नाही, गाय शिवणार नाही. पण तिनं अन्न जाळायचं, तेही चार भाकरींचं, आणि तेही त्याच्यासमोर, ज्यानं एकदा त्या चार भाकरी मोजल्या होत्या.

शेजारच्या प्रमिलाबाईंचा आवाज भिंतीपलीकडून आला. "धुडकूभाऊ, भाकर करपी ऱ्हायनी तुमनी. दखा."

त्यानं गोळा चिमट्यानं उलटला. खालची बाजू अजून पांढरी होती. दाराशी कुत्रं नाक वर करून वास घेत होतं.

"आजून कच्ची शे, वैनी," तो म्हणाला, आणि चुलीत आणखी एक लाकूड सारलं.